एक हात उजवीकडे

उशीवालीने काउंटरवर दोन उशा ठेवल्या आणि मला काहीच विचारलं नाही. इथेच सगळं बिनसलं. तिने विचारायला हवं होतं, की तुम्ही झोपता कसे, कुशीवर की पाठीवर की पालथे. दुकानाने तिला तेच शिकवलंय, आणि ती ते विचारते की नाही हे बघायलाच मला पाठवतात. तिला ते माहीत नसतं. तिच्या लेखी मी एक साधा म्हातारा, मान दुखते म्हणून उशी बघायला आलेला. पण तिने जाड उशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "ही तुमची. तुम्ही डाव्या कुशीवर." मग दुसरी, चपटी. "आणि ही काकूंची. त्यांना उंच चालत नाही. काकू नाही आल्या आज?" मी म्हणालो, "घरी आहे." कसं म्हणालो ते माझं मलाच कळलं नाही. इतकं सहज गेलं तोंडातून, जणू ती खरंच घरी आहे आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून निघू शकली नाही. उशीवाली म्हणाली, "त्यांना म्हणावं, मी वाट बघतेय." मी म्हणालो, "सांगतो." आणि गुप्त ग्राहकाने काहीही विकत घ्यायचं नाही असा स्पष्ट नियम असताना मी त्या दोन्ही उशा घेऊन दुकानाबाहेर पडलो.

बसमध्ये एक उशी मांडीवर आणि एक शेजारच्या सीटवर ठेवली. पुढच्या स्टॉपला एक बाई चढल्या आणि म्हणाल्या, "इथे कोणी आहे का?" मी म्हणालो, "आहे." त्या उभ्याच राहिल्या. मग माझं मला उमगलं आणि मी घाईघाईने ती उशीही मांडीवर घेतली. दोन उशा एकावर एक आल्या की बरोबर हनुवटीपर्यंत येतात. मी हनुवटी टेकवली. प्लॅस्टिकचा वास आला, नव्या कापसाचा आला, आणि मागोमाग त्या दुकानाचा, जिथे सगळं मऊ असल्यामुळे आवाज निम्म्यावर येतो. कंडक्टर म्हणाला, "काका, झोपा बिनधास्त, शेवटच्या स्टॉपला उठवतो." दोघं-तिघं हसले. मीही हसलो. तीस वर्षं लोकांच्या घराघरांत जाऊन मी पाण्याचे मीटर वाचले, पण कधी कोणी माझ्याकडे बघून हसल्याचं आठवत नाही. बघायचेच नाहीत. दार उघडायचे, "मीटरवाला आलाय" असं आतल्याला सांगायचे आणि पुन्हा आपापल्या भांडणाला लागायचे. माझ्यासमोर लोकांनी एकमेकांना काय काय म्हटलंय. एकदा तर एका घरात नवऱ्याने लपवलेली वस्तू बायको शोधत होती, आणि ती नेमकी मी वाकलो होतो त्या मीटरच्या पेटीत होती. तरी दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं का? तेव्हा वाटायचं नाही. रिटायर झाल्यावर थोडं वाटायला लागलं.

म्हणून हे काम मला इतकं आवडलं. मुलीनेच शोधून दिलं होतं. "बाबा, दुकानात जायचं, गिऱ्हाईक असल्यासारखं वागायचं, गुपचूप चार फोटो काढायचे आणि फॉर्म भरायचा. तुम्हाला जमेल. तुम्ही कोणाच्या लक्षात राहत नाही." मुलगी मोकळ्या मनाने बोलते, आईवर गेलीये. फोटो म्हणजे दुकानाची पाटी, किमतीची लेबलं, फरशी स्वच्छ आहे की नाही, आग लागली तर बाहेर पडायचं मागचं दार मोकळं आहे की त्यासमोर खोकी रचलीत, असले. फक्त एक अट, फोटोत माणूस दिसता कामा नये. दिसला की ऑफिसकडून लगेच फोनवर उत्तर येतं, 'फोटो नामंजूर. कारण : चौकटीत व्यक्ती दिसत आहे.' पहिल्या महिन्यात मी एकटाच जायचो आणि माझे सगळे फोटो नामंजूर व्हायचे, कारण मी फोन वर केला की दुकानातला कोणीतरी "काय हवंय काका" म्हणत चौकटीत शिरायचा. एकदा तर बुटांच्या दुकानातला मॅनेजर मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "फोटो कशाचे काढताय?" मी म्हणालो, "बुटांचे." तो म्हणाला, "का?" घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, नुसत्या बुटांचे फोटो कोणी काढतं का? बायकोचे काढतात. उद्या मी येते."

असं ते सुरू झालं. ती समोर उभी राहायची, एक हात कमरेवर, मान जराशी तिरकी. मी फोन वर करायचो. ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायची, "नीट काढा हो, मागच्या वेळी डोळे मिटलेले आले होते." मग हळूच, ओठ न हलवता, "एक हात उजवीकडे." की मी फोन वीतभर उजवीकडे न्यायचो. ती चौकटीच्या बाहेर जायची आणि लेबलं, फरशी, दार जे काही हवं ते आत यायचं. ओठ न हलवता बोलणं तिला नोकरीत जमलं होतं. दातांच्या दवाखान्यात ती बावीस वर्षं रिसेप्शनला बसली. आत कोण ओरडतंय, बाहेर कोणाला घाम फुटलाय, हे सांभाळत डॉक्टरांना दारातूनच खुणेने सांगायची. माणूस घाबरलाय हे तो खुर्चीत बसायच्या आत तिला समजायचं. दुकानात शिरल्या शिरल्या मला म्हणायची, "तो निळ्या शर्टातला आज घरून भांडून आलाय, त्याच्याकडे जाऊ नका, बिचाऱ्याचे गुण जातील." मी म्हणायचो, "अगं, आपण तपासणी करतोय." ती म्हणायची, "मग काय झालं, माणसं आहेत ती."

उशा-गाद्यांचं दुकान तिचं सगळ्यात आवडतं. त्या दुकानाच्या गावभर आठ शाखा आहेत आणि सगळ्या माझ्याकडेच असतात, पण तिला ही एकच हवी असायची. तिथे गिऱ्हाइकाला गादीवर दहा मिनिटं आडवं होऊ देतात. मी मागच्या दाराचा आणि वरच्या मजल्याचा फोटो काढायला गेलो की ती गादीवर पडायची, चपला काढून, पर्स पोटावर ठेवून, आणि डोळे मिटायची. परत येऊन बघावं तर झोपलेली. शेजारी उशीवाली उभी. उशीवाली हे नाव आम्हीच ठेवलेलं. बाई पन्नाशीच्या आसपास, गुडघा जरा अधू, उशी विकायच्या आधी दोन्ही हातांनी तिला थोपटायची, अगदी बाळाला थोपटावं तशी. परतताना बसमध्ये बायको तिच्याबद्दल सांगायची. तिच्या घरी सासू आहे. तिच्या स्वतःच्या गुडघ्यात पाणी झालंय. 'कसे झोपता' हा प्रश्न विचारायचा राहिला आणि तपासणीत शून्य पडलं, तर चौदा वर्षं उशा विकणाऱ्या बाईला नव्या पोरींबरोबर तीन दिवस ट्रेनिंगला बसवतात, पहिल्या बाकावर. मी म्हणायचो, "तुला कसं कळतं हे सगळं?" ती म्हणायची, "कळतं." आणि मी ते सोडून द्यायचो. बायकांना कळतं, एवढ्यावर मी लग्नाची अडतीस वर्षं निभावून नेली.

घरी पोचलो. जाड उशी माझ्या बाजूला ठेवली. चपटी हातात घेऊन जरा उभा राहिलो आणि मग तीही ठेवली, तिच्या बाजूला. ठेवायची तर दुसरीकडे कुठे. हॉलमध्ये तिचा फोटो आहे. ओळखपत्रावरचा, मुलीने मोठा करून आणला, कारण तिचा दुसरा फोटोच सापडला नाही. ओळखपत्रात ती अशी बघतेय जणू तिला काहीतरी उचलताना पकडलंय. दोन्ही कान दिसले पाहिजेत असा तिथे नियम असतो, म्हणून केस मागे ओढलेले. तिने बघितला असता तर म्हणाली असती, "काढा ती बया भिंतीवरून." गेली तेव्हा आठवडाभर मी फोनमधले फोटो चाळत बसलो होतो. चार वर्षांत मी माझ्या बायकोवर निदान हजार वेळा फोन रोखला. आणि हजार फोटोंत ती नाही. शँपू आहेत, चष्म्यांच्या काड्या आहेत, फरश्या आहेत. डाव्या कडेला कुठे तिचं कोपर आहे. निळ्या स्वेटरचं, घासून विरलेलं ते कोपर मी कुठेही ओळखीन. कुठे पर्सचा पट्टा. एका फोटोत, औषधांच्या दुकानात, कान आणि कानातलं. जिथे ती पूर्ण आली होती ते फोटो नामंजूर झाले आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून मीच ते पुसून टाकले, तिच्याच सांगण्यावरून. "ठेवता कशाला, दुकानं चांगली आलीत की त्यात," ती म्हणाली होती.

चहा केला आणि फॉर्म उघडला. दुकानातून निघाल्यापासून चोवीस तासांत तो भरायचा असतो. पाटी स्वच्छ, हो. स्वागत केलं, हो. प्रश्न नववा : कर्मचाऱ्याने झोपण्याची सवय विचारली का? नाही, असं लिहिलं तर उशीवाली पहिल्या बाकावर. हो, असं लिहिलं तर ते खोटं, आणि मी आजवर एकही मीटर चुकीचा लिहिला नाही. आता खरं म्हणजे तिने विचारलं नाही कारण तिला ते माहीत होतं, आणि माहीत होतं कारण तिने मला ओळखलं. त्याला चौदावा प्रश्न आहे. कर्मचाऱ्याने आपल्याला ओळखले का? तिथे हो लिहिलं की तपासणीच रद्द, नवव्याचे गुण कोणी बघत नाही, उशीवाली सुटली. पण मग मी बाद. एका शाखेतून नव्हे, आठही शाखांतून, कायमचा. आणि त्या दुकानात परत कशासाठी जाणार? अकरा महिने मी ती शाखा टाळत होतो, या खेपेला ऑफिसने माझ्या माथी मारली म्हणून गेलो. गेलो तर तिथे माझी बायको होती. म्हणजे नव्हती, पण 'आज नाही आल्या' एवढीच नव्हती. सगळ्या जगात तेवढ्या एका काउंटरवर तिची उशी अजून तयार होती. चौदाव्यात हो लिहिलं की तेही संपलं. माझा चहा निवला. मी दहावा, अकरावा, बारावा, तेरावा भरला आणि चौदाव्यापाशी थांबलो.

ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. तिला मी कधी पाहिलेलं नाही, आवाजावरून नेहमी काहीतरी चघळत असते. "सर, तुमचा नववा आणि चौदावा रिकामा दिसतोय. रिकामा असला की फॉर्म पुढे सरकत नाही."

"उद्या भरतो."

"उद्या दुपारी बारापर्यंत हं. आणि सर, राग मानू नका, पण फोटोंत डावीकडे एवढी जागा का सोडता? नुसती फरशी दिसते."

"सवय आहे."

"नाही, चालतं तसं. पण बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी तिथून आत्ताच उठून गेलंय."

तिने चघळणं थांबवलं, बहुतेक आपण काय म्हणालो ते तिचं तिलाही विचित्र वाटलं, आणि मग "बरं सर" म्हणून फोन ठेवला. पाठोपाठ माझ्या मुलीचा फोन. ती रोज साडेसहाला करते, मी जेवायला काय करणार आहे ते विचारायला. उशांचं सांगितलं. ती म्हणाली, "दोन? बाबा, मान एकच आहे ना तुम्हाला?"

"घेतल्या गेल्या."

"आणि काय म्हणालात तिला, आई घरी आहे?"

"तोंडातून गेलं."

ती मग म्हणाली, "आहेच की घरी. भिंतीवर. तो भयंकर फोटो." आणि हसायला लागली, नाक ओढत. मलाही हसू आलं. आम्ही बापलेक त्या फोटोवर जेवढे हसतो तेवढं कोणाच्या फोटोवर कोणी हसत नसेल. मग ती म्हणाली, "बाबा, त्या बाईला जाऊन खरं सांगा. आईची वाट बघतेय ना ती. आपण दोघं निदान बघत तरी नाही."

सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो. फॉर्मचं काय करायचं ते ठरलं नव्हतं, फक्त सांगायचं ठरलं होतं. चपटी उशी बरोबर घेतली, परत करायला, म्हणजे दुकानात शिरायला काहीतरी कारण होईल. एवढ्या वर्षांत तिथे खऱ्या कामासाठी मी पहिल्यांदाच जात होतो आणि पायांना ते कळत होतं. दारातून आत जाताना दर वेळी आपोआप हळू पडायचे ते आज नुसते चालले. दुकान नुकतंच उघडलं होतं. उशीवाली गाद्यांवरची झाकणं काढत होती. मी मागच्या दाराकडे पाहिलं, सवयीने. त्यासमोर खोक्यांचा ढीग होता, छताला लागेल एवढा. चार वर्षांत त्या दारासमोर मी एक खोकं पाहिलं नव्हतं.

"काकूंना नाही आवडली उशी?" तिने विचारलं.

"ती घरी नाही," मी म्हणालो. "काल चुकून बोललो. जाऊन अकरा महिने झाले."

तिच्या हातात एक उशी होती. ती थोपटत राहिली, दोन वेळा, तीन वेळा. मग तिने उशी ठेवली आणि जवळच्या मांडलेल्या गादीवर बसली. कर्मचाऱ्यांनी मांडलेल्या गादीवर बसू नये, हा अकरावा प्रश्न, तो माझ्या डोक्यात आलाच. त्याला मी काय करू. मीही तिच्या शेजारी बसलो. गादी चांगली होती, एक बसला की दुसरा हलत नव्हता. आम्ही दोघं समोरच्या पडद्यांकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "इथेच झोपायच्या त्या."

"हो. दहा मिनिटांत गाढ."

"झोपायच्या कसल्या," उशीवाली म्हणाली आणि डोळे पुसले. "तुम्ही वर गेलात की उठून बसायच्या. तुमच्या पायांचा आवाज आला की आडव्या. दहा मिनिटं आमच्या नुसत्या गप्पा. माझ्या सासूचं औषध त्यांनीच सांगितलं होतं."

मग ती म्हणाली, "काका, चला, तुम्हाला एक दाखवते. आता दाखवायला हरकत नाही. त्या असत्या तर नसतं दाखवलं."

पडद्यांच्या मागे तिची आणि इतर पोरींची डबे खायची खोली होती. एक टेबल, चार स्टुलं, हात धुवायचं बेसिन, भिंतीवर ड्युटीचा तक्ता. तक्त्याच्या शेजारी एक फोटो चिकटवला होता, कोपऱ्यांना टेप. फोटोत मी होतो. पाय फाकवून, फोन दोन्ही हातांनी वर धरून, आणि जीभ दातांत. मी जीभ दातांत धरतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. एवढा गुप्त ग्राहक मी, आणि आंधळ्यालाही कळलं असतं की हा माणूस काहीतरी चोरून करतोय. आणि माझ्यासमोर ती. निळा स्वेटर, एक हात कमरेवर, पायाच्या नखांपासून केसांपर्यंत पूर्ण. मान तिरकी. पण चेहरा माझ्या फोनकडे नाही. तिने डोळे बाजूला वळवलेत, जिथून हा फोटो काढलाय तिकडे, आणि कमरेवर नसलेल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलंय. गप्प, असं सांगतेय. आणि हसू दाबतेय, गाल फुगलेत. फोटोखाली एक कागद होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : हे दोघे आले की मागच्या दारासमोरची खोकी हलवा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. गादीसमोर उभं करून बायकोचा फोटो कोण काढतं हो, काका? मी सरळ विचारलं त्यांना, तुम्ही तपासणीवाले का. म्हणाल्या, हो, पण यांना कळू देऊ नका. म्हणाल्या, तीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरात गेला आणि कोणी वर मान करून पाहिलं नाही, त्याचं त्यांना आता आता वाईट वाटायला लागलंय. आणि आता तेच न दिसणं कामाला आलंय म्हणून एवढे खूश आहेत, की बसमध्ये मला सगळं पुन्हा सांगतात. त्यांना राहू दे खूश." उशीवालीने भर घातली, "आम्ही इथल्या पाचही जणी तुमच्याकडे न बघायची प्रॅक्टिस केली होती. नवी पोरगी आली की तिला पहिलं तेच शिकवायचो. हसायचं नाही, बघायचं नाही."

मला राग यायला हवा होता. आला असेल थोडा, पण तो यायच्या आत मला बसमधलं आठवलं. मी बायकोला सांगायचो, "पाहिलंस, मी अगदी उशीवालीच्या नाकासमोर फोटो काढला आणि तिला पत्ता नाही." आणि ती खिडकीकडे तोंड करायची. मला वाटायचं बाहेर बघतेय. तिचे खांदे हलायचे, मला वाटायचं बस हलतेय. चार वर्षं. दर तीन महिन्यांनी. आणि चार वर्षं मी त्या शाखेला शंभरपैकी शंभर देत आलो, दार मोकळं, सेवा उत्तम, कर्मचारी नैसर्गिक. 'नैसर्गिक' हा शब्द मी स्वतः शेऱ्यात लिहिला होता, तिला वाचूनही दाखवला होता. तेव्हा ती पाणी प्यायला आत गेली होती आणि बराच वेळ आली नव्हती. मी स्टुलावर बसलो आणि हसायला लागलो. पोटातून. उशीवाली आधी घाबरली, मग तीही हसली. बेसिनचा नळ ठिबकत होता. हसता हसता मध्येच दुसरंच काही व्हायला लागलं, ते तसंच होऊ दिलं, तिने पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि मग पुन्हा त्या फोटोतली माझी जीभ दिसली आणि पुन्हा हसू आलं.

"मी चौदाव्यात हो लिहिणार," मी म्हणालो. "मग मी बाद."

"लिहा की. आणि बाद झालात तर काय, दुकानात यायला बंदी नाही. खरं गिऱ्हाईक म्हणून या. तुमच्या वयाला गादी बदलायलाच हवी, तुमची बसलीये, काकू सांगायच्या." मग म्हणाली, "ती उशी देणार आहात का परत?"

उशी माझ्या काखेतच होती. "नाही," मी म्हणालो.

तिला तो फोटो भिंतीवरून काढून द्यायचा होता, पण मी नको म्हणालो. तिथेच बरा आहे, पाच जणी रोज डबा खातात त्याच्यासमोर. मी फक्त फोन काढला. उभा राहिलो, फोन दोन्ही हातांनी वर धरला, जीभ आत घेतली. चौकटीत भिंतीवरची ती आली, तिच्या मागची गादी आली. आणि हात आपोआप सरकला. माझ्या फोनमध्ये ड्युटीचा तक्ता आला, स्वच्छ, सुवाच्य, आणि डाव्या कडेला निळं कोपर.

माझ्या खांद्यामागून उशीवाली म्हणाली, "काका. एक हात डावीकडे."

बाहेर येऊन बाकावर बसलो. अकरा वाजून गेले होते. उशी शेजारी ठेवली. नववा प्रश्न, नाही विचारलं. चौदावा, हो, ओळखले. त्याच्याखाली एक चौकोन उघडला, आजवर कधी न पाहिलेला : कधी, कशावरून, सविस्तर लिहा. मी लिहिलं, पहिल्या दिवशी, बायकोने सांगितल्यावरून. मागच्या सगळ्या तपासण्या रद्द धराव्यात, चूक दुकानाची नाही, आमच्या घरातली आहे. मग फॉर्मने पुरावा म्हणून एक फोटो मागितला. फोटोशिवाय तो पुढे सरकतच नाही. मी आत्ताचा तोच, आम्हा दोघांचा, लावला आणि पाठवून दिला. चक्र फिरत राहिलं. समोरून एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन गेले, नातीने उशीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, टक लावून, रस्त्याच्या वळणापर्यंत. मी हात हलवला.

फोन वाजला. ऑफिसचं उत्तर होतं, नेहमीचं, आपोआप येणारं. फोटो नामंजूर. कारण : चौकटीत व्यक्ती दिसत आहेत.

मी ते पुन्हा वाचलं. दर वेळी 'आहे' असायचं.